झिपरीच्या कुशीवरचा व्रण

मांजरीच्या पोटात गर्भाशय सापडत नव्हतं.

मादी मांजरीची नसबंदी करताना पोटावर लहानशी चीर देतात. त्यातून एक बारीक वाकडा आकडा आत घालायचा आणि गर्भाशय ओढून बाहेर घ्यायचं. मांजरीचं गर्भाशय गुलेरीच्या बेचक्यासारखं असतं, दोन फांद्यांचं. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक अंडाशय. सरावाच्या हाताला ते पटकन सापडतं. मी आकडा पुन्हा पुन्हा फिरवला. कधी आतडं हाताला लागलं, कधी चरबी. चीर वाढवली. मूत्राशय बाजूला करून बोटाने चाचपलं. तिथे गर्भाशयाचं नुसतं बुडाकडचं कापलेलं टोक होतं आणि त्यावर जांभळ्या दोऱ्याची अर्धवट विरघळलेली गाठ.

“मॅडम, हिचं तर झालेलं आहे,” माझी असिस्टंट कविता म्हणाली.

ते मलाही दिसत होतं. प्रश्न असा होता, की बाहेर बसलेल्या सुशीलाताईंनी ही मांजर माझ्याकडे का आणली?

माझा दवाखाना अकोल्यात आहे. दर बुधवारी मी मांजरींची ऑपरेशनं कमी पैशांत करते. यात धर्मादाय काही नाही, साधा हिशेब आहे. चार-पाच मांजरी एकाच दिवशी घेतल्या, की भुलीच्या औषधाची फोडलेली बाटली वाया जात नाही. अवजारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह मशीन एकदाच लावावं लागतं. मांजर रात्री दवाखान्यात राहत नाही, मालक संध्याकाळी घरी नेतो. अंथरायला जुनं धडपं त्याने घरून आणायचं. एवढ्यावर खर्च निम्म्याच्या खाली येतो. अट एकच, बुधवार पूर्ण भरला पाहिजे.

पण स्वस्त म्हटलं की लोकांना संशय येतो. टाके कच्चे असतील, औषध मुदत संपलेलं असेल, शिकाऊ पोरं हात साफ करत असतील, हे सगळं मी ऐकलेलं आहे. मीही काही कमी संशयी नाही. मोठ्या गाडीतून उतरून सवलत मागणारे मी पाहिले आहेत. एका गृहस्थाने तर आपल्या बोक्याचं वय, जात आणि नाव तिन्ही खोटं सांगितलं होतं. का, ते मला आजही कळलेलं नाही.

सुशीलाताई तायडे मूर्तिजापूरच्या. शाळेत खिचडी शिजवतात. त्यांचं मानधन कधी येईल, याचा भरवसा नसतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात लोकांच्या कुरड्या-पापड करून त्यांनी या ऑपरेशनची सोय केली होती. त्यांची मांजर झिपरी, तिरंगी, शेपटीचं टोक मोडलेलं. दर वेताला चार-पाच पिल्लं, आणि त्यातलं एखादंच जगायचं. “रोडवर गाडीखाली पिल्लू सापडलं की मी दोन दिवस जेवत नाही, डॉक्टरबाई,” असं त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या. गल्लीतल्या आणखी चार बायकांनाही त्यांनी तयार केलं होतं. झिपरीचं नीट झालं, की त्या सगळ्या आपापल्या मांजरी घेऊन पॅसेंजरने येणार होत्या. मूर्तिजापूरचा एक अख्खा बुधवार भरणार होता.

खरं तर झिपरी आदल्या बुधवारीच व्हायची. ऑपरेशनआधी मांजर उपाशी लागते, नाहीतर भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. पहिलं इंजेक्शन देताच झिपरी ओकली. दूध आणि पोळी. मी चिडले.

“ताई, उपाशी ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?”

“म्या काईच देलं नाई. बुद्धाची आन.”

“मग हे दूध कुठून आलं?”

“आमच्या घरी दूध येतच नाई, बाई. आमी काळा चहा पेतो.”

मी विश्वास ठेवला नाही. पोटातून बाहेर आलेलं दूध खोटं कसं बोलेल? त्यांना परत पाठवलं. पुढच्या बुधवारी त्यांनी झिपरीला रात्रभर भाजीच्या क्रेटखाली कोंडून ठेवलं आणि त्याच क्रेटला जाळी बांधून घेऊन आल्या. आणि आता हे.

मी चीर शिवली. शिवताना विचार केला. गाठीचा दोरा अजून शिल्लक होता. हा दोरा काही महिन्यांत शरीरात विरघळतो. म्हणजे ऑपरेशन जुनं नव्हतं. पण पोटावर तर व्रण नव्हता. मग मी झिपरीला कुशीवर वळवलं आणि डाव्या बाजूचे केस काढले. बरगडीच्या मागे एक बारीक, पांढरट, नीट भरलेली रेघ होती. काही डॉक्टर पोटाऐवजी कुशीतून ऑपरेशन करतात. केस वाढले, की वरून काही दिसत नाही.

सुशीलाताईंना आत बोलावलं आणि व्रण दाखवला.

“हे तुमीच केलं असन आता,” त्या म्हणाल्या.

“आत्ताची जखम आत्ता भरते का? हात लावून पाहा.”

त्यांनी हात लावला नाही. “मंग पोट काहून फाडलं? झालेलं व्हतं तं आंधी दिसलं नाई तुमाले?”

“तुम्हीच आणलं ना करायला?”

“मले काय मालूम! दसऱ्याले पिल्लं झाले तिले. माह्या डोयासमोर झाले.”

मग त्यांना काहीतरी आठवलं. “दिवाळीनंतर पाच-सहा दिवस गायब व्हती ते. मले वाटलं, कुत्र्यानं खाल्ली. वापस आली तं खंगलेली, एका कुशीचे केसं गेलेले. म्या समजली, खरूज झाली.”

“त्याच दिवसांत कुणीतरी केलंय.”

“मांजरीचं ऑपरेशन कोन फुकट करते? काय काढून घेतलं तिच्यातलं?”

मी पैसे घेतले नाहीत. ती माझी चूक ठरली. दोन दिवसांत मूर्तिजापूरहून बातमी आली, की अकोल्याच्या डॉक्टरणीने मांजर चुकीची फाडली, नाहीतर पैसे कशाला सोडले असते? चारही बायकांनी नावं काढून घेतली.

माझा संशय सुशीलाताईंवरून उठला होता, पण बसायला दुसरी जागा मिळत नव्हती. कुशीतून ऑपरेशन करणारा माझा एक बॅचमेट अमरावतीला आहे. त्याला फोन लावला.

“मूर्तिजापूरची तिरंगी मांजर, मोडकी शेपटी?”

“राणी!” तो लगेच म्हणाला. “एक बाई घेऊन आली होती, माहेरी आली होती इथे. टाके सुकेपर्यंत थांबली. का गं? काही कॉम्प्लिकेशन?”

“कॉम्प्लिकेशन एवढंच, की ती राणी नाही, झिपरी आहे. त्या बाईचा नंबर दे.”

“असा नाही देता येत. तिला विचारतो.”

त्याच दुपारी फोन आला. बाई अगदी हळू बोलत होती. रूपाली राऊत, सुशीलाताईंच्या मागच्या गल्लीतली सून. मांजर रोज सकाळी तिच्या परसदारी यायची. घरी म्हैस होती, म्हणून दूध-पोळी मिळायची. दसऱ्यानंतर मांजरीने पिल्लं उचलून राऊतांच्या कुटाराच्या, म्हशीच्या चाऱ्याच्या खोलीत आणून ठेवली. सासूने ती पोत्यात भरून लांब टाकून यायला लावली. “मले ते सहन नाई झालं, मॅडम. भाऊबीजेले माहेरी गेली तं पिशवीत घालून घेऊन गेली. भावानं खर्च केला.”

“मग हे घरी सांगायला काय हरकत आहे?”

“तुमी माहं नाव नका सांगू. आमच्या घरी सध्या लय बेकार चालू हाय.” “नाही सांगणार,” एवढं मी म्हणाले आणि फोन कट झाला.

शब्द तर दिला होता. पण मनात आलं, मांजरीच्या ऑपरेशनसाठी कुणी एवढं घाबरतं का? मला ही बाईही पूर्ण खरं बोलत असल्यासारखी वाटेना.

टाके काढायला सुशीलाताई अकोल्याला यायला तयार नव्हत्या. म्हणून मीच मूर्तिजापूरला गेले. त्यांच्या ओसरीवर चारही बायका येऊन बसल्या होत्या. मी हात कुठे लावते, कात्री कुठे घालते, सगळं त्या न्याहाळत होत्या. टाके निघाले. झिपरी उठली, अंग झाडलं आणि चुलीपाशी जाऊन बसली.

तेवढ्यात एक साठीच्या बाई आत आल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. सुशीलाताई उठल्या नाहीत. “मागच्या गल्लीतल्या कमलबाई. राऊतांच्या,” एवढंच म्हणाल्या.

म्हणजे ही रूपालीची सासू. कमलबाईंनी मला बाजूला घेतलं.

“डॉक्टरबाई, ऑपरेशन झालेलं बाहेरून समजते म्हने. मांजरीचं तुमी कुशीवरून ओयखलं.”

“हो.”

“बाईमानसाचं समजते काय?”

“मी जनावरांची डॉक्टर आहे, काकू.”

“समजते का, तेवढं सांगा.” त्यांचा आवाज खाली गेला. “माह्या सुनेनं माहेरी जाऊन मूल बंद करायचं ऑपरेशन करून घेतलं. लग्नाले तीन वर्षं झाले, लेकरू नाई. अन् घरात कोनाले इचारलं नाई. परवा तिच्या माहेरच्यायले बोलावलं आमी. बैठक हाय. पोरगं म्हनते, आता नांदवत नाई.”

माझ्या हातातली कात्री मी बॅगेत ठेवली. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोन कायले सांगन? म्या माह्या कानानं ऐकलं. फोनवर भावासंग बोलून राहिली व्हती. ‘टाके कुठं व्हते तेबी दिसत नाई. आता पिल्लं होत नाईत, कटकट गेली.’”

“लेकरं म्हणाली की पिल्लं?”

कमलबाई थबकल्या. “पिल्लं.” मग जरा रागानेच म्हणाल्या, “मले वाटलं, माह्या नातवायले पिल्लं म्हून राहिली.”

मला सगळं कळलं. पण मी शब्द दिला होता. आणि परवा त्या मुलीचा संसार मोडणार होता. मी कमलबाईंना म्हटलं, “काकू, तुमच्या घरी चहा पाजता का?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी चहासाठी येत नाही, हे त्यांना कळलं असावं.

राऊतांच्या परसात रूपाली भांडी घासत होती. मला कधी पाहिलेलं नसूनही तिने ओळखलं. बॅगेमुळे असेल. मी तिच्याजवळ बसून हळूच म्हटलं, “तुझ्या सासूला वाटतंय, ते ऑपरेशन तू स्वतःचं केलंस.”

तिने घासतं पातेलं तसंच खाली ठेवलं. “माहं? म्हून बैठक लावली? मले तं म्हनत होते, तुले मालूम हाय तू काय केलं. मले वाटलं, मांजरीवर भावाचे पैसे उडवले म्हून.”

“मी सांगू, की तू सांगतेस?”

तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि सासूपुढे जाऊन उभी राहिली. “आई, ते मांजरीचं व्हतं. राणीचं. तुमी पिल्लं फेकाले लावले म्हून म्या तिलेच नेऊन आनलं.”

कमलबाई बसूनच राहिल्या. मग त्या मला म्हणाल्या, “तुमी दोघी मिळून तं बोलून नाई राहिल्या? मले काय पुरावा?”

रूपालीला विचारून मी अमरावतीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. कमलबाई फोनवर वाकल्या. “डॉक्टरसायेब, खरं सांगजा. मांजरीचंच केलं ना? ह्या पोरीचं नाई?”

“काकू, मला माणसांचं येत नाही,” तो म्हणाला.

कमलबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी पाहिलं नाही. मुलाला शेतातून बोलावून घ्या, एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

दारात सुशीलाताई येऊन उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. त्यांना मात्र कुणाचा संसार वाचल्याचं काही नव्हतं. “राणी? कोन राणी? झिपरी नाव हाय तिचं. माह्या मांजरीले मले न इचारता नेलं? पाच दिवस म्या नाल्यानाल्यानं शोधली तिले!”

“मले वाटलं, कोनाचीच नाई,” रूपाली म्हणाली.

“वाटलं!” सुशीलाताई तिथून निघाल्या. कितीतरी दिवस त्या रूपालीशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. त्या मांजरीसाठी त्यांनी उन्हात बसून परक्यांच्या कुरड्या वाळवल्या होत्या.

बैठक झाली नाही. माहेरची माणसं ठरल्याप्रमाणे आली, जेवून गेली. चारपैकी दोन बायका पुढच्या महिन्यात मांजरी घेऊन आल्या. बाकीच्या दोघी अजूनही म्हणतात, की अमरावतीचा डॉक्टर माझाच माणूस होता, फोनवर ठरवून बोलला. त्यांच्या मांजरी तेवढ्यात पुन्हा व्यायल्या.

माझ्या कामात तीन बदल झाले. मांजर टेबलावर आली, की मी पोटाआधी दोन्ही कुशी पाहते. मालकाला वय आणि नाव विचारण्याआधी विचारते, “ही अजून कोणाकडे जेवते?” पहिलं उत्तर नेहमी “कोणाकडेच नाही” असं येतं. मी थोडा वेळ गप्प बसते. मग शेजाऱ्यांची नावं निघू लागतात.

आणि ऑपरेशन झाल्यावर पोटावर गोंदणाच्या हिरव्या शाईचा एक ठिपका देते. कायमचा. मांजर पुढे कुठल्याही घरी, कुठल्याही नावाने राहू दे, तिला दुसऱ्यांदा कुणी फाडू नये. या ठिपक्याचा मी वेगळा पैसा घेत नाही. त्यामुळे त्यावरही लोकांना संशय आहेच.