ताईचे मेल

नवऱ्याचा मार सोसून सोसून ताई शेवटी आमच्या मस्तगडच्या घरी परत आली, तेव्हा घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्यावरून ती औरंगाबादच्या मैत्रिणीला मेल लिहायची. मैत्रिणीनं तिच्यासाठी तिथं नोकरी बघितली होती. मधे एकदा दाजी समजूत काढायला म्हणून आले. आम्ही चहापाण्यात होतो, तेवढा वेळ ते कॉम्प्युटरसमोर बसले.

ताई निघाली त्या सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. औरंगाबादच्या गाडीपाशी दाजी उभे होते.

"नोकरी लागली म्हणं," ते हसून म्हणाले.

ताई गाडीत चढलीच नाही. आम्ही तसेच माघारी फिरलो. रिक्षात ती म्हणाली, "आईलासुद्धा दिवस सांगितला न्हाई मी, फक्त मेलमधी लिहिला. मंग यांना कसं कळलं?"

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला त्यात एक लपवलेला प्रोग्राम सापडला. ताई दाबेल ते प्रत्येक अक्षर तो टिपायचा आणि नेट जोडलं की दाजींना पाठवायचा. पासवर्डही तसाच गेला होता.

"तुम्ही लिहून राह्यले, तिकडं ते वाचून राह्यले," तो मान खाली घालून म्हणाला. त्यानं सगळं पुसून कॉम्प्युटर नव्यानं भरला, पासवर्ड बदलायला लावला. "परक्याला यावर बसू देऊ नका," त्यानं बजावलं.

"परका कुठं होता?" ताई म्हणाली.

दाजींनी औरंगाबादला जाऊन तमाशा केला आणि ती नोकरी गेली. ताई त्या कॉम्प्युटरसमोर पुन्हा बसली नाही. काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की ती मला गच्चीवर न्यायची आणि तिथंही कुजबुजायची.