काकूकडचा फोन

निघायच्या दिवशी मला पोचवायला आई आणि काकू दोघीही रोह्याच्या एसटी स्टँडवर आल्या, पण वेगवेगळ्या रिक्षांनी. अष्टमी गावात आमचं अंगण एकच, तरी दोघींचं बोलणं कधीचं बंद. का? तर काकूच्या कोंबड्यांनी आईचे वाळत घातलेले पोह्याचे पापड तुडवले होते.

मी परराष्ट्र खात्यात कायद्याची अधिकारी. युद्धात निरपराधांना मारणाऱ्यांवर खटले कसे चालवायचे, ते ठरवणाऱ्या बैठकांसाठी युरोपात निघाले होते. आई म्हणाली, "लांबचे गुन्हेगार मग बघ गो. आधी हिच्या कोंबड्यांवर खटला भर!"

काकू एसटीकडे बघत म्हणाली, "पापड राखता येत नाय, आणि म्हणे खटला!"

तिकडे बैठकीत एकमेकांचं तोंड न बघणारे साहेब माझ्यामार्फत निरोप धाडायचे. अगदी आमचंच अंगण! पण साक्षीदारांच्या जबान्या वाचल्या आणि माझं हसू पळालं. घरं जाळणारे बरेचसे शेजारीच होते, एकमेकांकडे जेवलेले. त्या दिवशी घरच्या आठवणीनं मला रडूच फुटलं. काहीही करून या दोघींना बोलतं करायचं, असं मी ठरवलं.

घराजवळ फोन फक्त काकूकडे. आईनं पत्रानं कळवलं, कोलाडला मामाकडे फोन कर, मी तिथं जाईन. मी उलट कळवलं, इथून कोलाडला फोन लागतच नाही, दर रविवारी काकूकडेच करीन. धडधडीत थाप! पण आमच्या खात्यात याला वाटाघाटी म्हणतात.

पहिल्या रविवारी आई म्हणे उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली, वायर ताणून. मग हळूहळू आत आली, मग चहा झाला. पुढे तर मलाच ऐकावं लागलं, "थांब गो जरा, आमचं बोलणं चाललंय."

आणि मग आईच्या घरीच फोन बसला. आता ही कशाला अंगण ओलांडते? रविवारी नवा नंबर फिरवला. उचलला काकूनं.

"काकू? आई कुठाय?"

"माझ्या घरी बसलीय, तुझ्या फोनची वाट बघत. तिला तिथंच सवय. तिकडं लाव."

"आणि तू तिथं काय करतेस?"

"पापड राखतेय तिचे. माझ्या कोंबड्यांचा काय भरवसा नाय!"

आजही कुणी घरचा नंबर विचारला, की मी काकूचाच देते.