गणपतच्या ओळखीचा वास

धामापूरच्या गणपतने बावीस वर्षं सरकारी सर्वेक्षणाच्या पथकात मदतनीस म्हणून काढली. अंदमानजवळच्या एका बेटावर ज्वालामुखी आहे. तिथे उतरायचं, पहारीने गुडघाभर खोल भोक पाडायचं, नळी रोवायची आणि मातीतून झिरपणारा वायू बाटलीत भरून साहेबांच्या हाती द्यायचा, हे त्याचं काम. जे दिसत नाही त्याला भ्यायला तो तिथे शिकला.

निवृत्त होऊन तो गावी आला. दुसऱ्याच वैशाखात धाकट्या भावाची, बाबलीची, विहीर उपसायची ठरली. पाणी काढून झालं. तळाशी चार वर्षांची फणसाची पानं कुजून काळा गाळ साचला होता. तळाची हवा चांगली आहे का पाहायला रीतीप्रमाणे बाबलीने दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो पेटता राहिला. पण काठावर वाकलेल्या गणपतला कुजक्या अंड्यांसारखा पुसट वास आला. बेटावर हा वास आला की साहेब सगळ्यांना मागे घेत.

"वायच थांब रे बाबली. उद्या उतर."

"हय खंय इलो तुझो पेटतो डोंगर?" बाबली म्हणाला. "दादा, तुका आता चुलीतसुद्धा ज्वालामुखी दिसतलो. दिवो पेटता मां?"

जमलेली माणसं हसली. गणपतही ओशाळून हसला आणि त्याने बाबलीच्या कमरेचा दोर धरला.

कंदील खोटं बोलला नव्हता. वायू गाळाखाली कोंडलेला होता. बाबलीने पहिलं खोरं मारलं, गाळातून बुडबुडे आले आणि गणपतच्या हातातला दोर एकदम जड झाला. वर ओढेपर्यंत सगळं संपलं होतं.

गणपतला कुणी बोल लावला नाही. त्याने गोव्याहून तळहाताएवढं वायू मोजायचं यंत्र आणलं. आता आसपास कुठेही विहीर उपसायची झाली की त्याला बोलावणं येतं. तो आधी लांब बांबूने गाळ ढवळायला लावतो, मग दोराला बांधून यंत्र सोडतो आणि अर्धा तास कुणाला उतरू देत नाही. कुणी हसत नाही. हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दर रविवारी तो बाबलीच्या विहिरीवर जातो. तिच्यात आता कुणी उतरत नाही, तरीही यंत्र सोडतो. बाबलीची बायको नर्मदा पडवीत काजू सोलत असते.

"भावोजीनू, आज कितक्या?"

"शून्य गो."

ती मान हलवते. गणपत यंत्र वर घेतो. त्याचं वजन पावशेरसुद्धा नाही, पण दोर तो दोन्ही हातांनी धरतो.