वाळलेल्या कॉलमवरची सही

“तू जरा दाराबाहेर थांब. पूजा आहे. आज तुमचा हात नको मशीनला.”

आमच्या लॅबचे प्रमुख, सर, हे सगळ्यांसमोर म्हणाले. हसत म्हणाले. हातात नारळ होता.

खंडेनवमी होती. नागापूर एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी औषधासाठी लागणारं प्रोटीन शुद्ध करते. काचेची उभी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. तिच्यात बारीक मण्यांचा थर भरायचा आणि वरून गढूळ रस सोडायचा. आपलं प्रोटीन मण्यांना चिकटतं, बाकीची घाण वाहून जाते. मग वेगळं द्रावण सोडून ते मोकळं करायचं. पथ्य एकच. थर कोरडा पडू द्यायचा नाही. हवा शिरली की भेगा पडतात आणि सगळं वाया जातं.

तो कॉलम मी भरला होता. पाच वर्षं मीच भरते. माझ्यासारखा सपाट थर तिथं कुणाला जमत नाही, सरांनाही नाही. वहीत मात्र ‘कॉलम कोणी भरला’ या रकान्यात सही सरांची. माझा हात मण्यांना चालतो, कुंकवाला चालत नाही. पणजोबा ख्रिस्ती झाले, तरी आमची जात ना गाव विसरलं, ना एमआयडीसी.

मी काचेतून बघत होते. कलशाला जागा हवी म्हणून सरांनी द्रावणाची बाटली उचलून खाली ठेवली. तिच्यातून कॉलमला द्रावण नेणारी प्लास्टिकची बारीक नळी बाहेर लोंबकळली. पंप चालूच. फोटोत मशीनचे दिवे दिसायला हवे होते ना! नळीतून बुडबुडे कॉलमकडे निघाले. मी काच बडवली.

“सर, नळी! हवा जातेय!”

“आरती होऊ दे गं.”

आरती झाली. कॉलम वाळला. आठ दिवसांचं काम मातीत गेलं.

दुपारी सरांनी वही माझ्यापुढं सरकवली. “लिही, थर नीट भरला नव्हता. खाली सही कर. मालक यायच्या आत.”

पाच वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात माझं नाव हवं होतं. अंगाचा तिळपापड झाला. मी बाहेर जाऊन गावी, काष्टीला, आईला फोन लावला.

“करून टाक बाई,” ती म्हणाली. “नोकरी हाय. आपलं कोन ऐकतंय?”

आईचा राग आला. तिला असं बोलायची सवय लावणाऱ्यांचा त्याहून जास्त आला. आत आले आणि लिहिलं: ‘कॉलम मी भरला. थर व्यवस्थित होता. पूजेसाठी नळी बाटलीतून काढली, पंप चालू ठेवला. मी बाहेर होते, कारण मला आत येऊ दिलं नाही.’ खाली सही केली, आडनावासकट.

सरांचा चेहरा उतरला. “फाड ते पान.”

“पानांना नंबर आहेत, सर. तुम्हीच शिकवलंय.”

नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. कॉलम अजून तसाच उभा आहे, भेगा पडलेला, वर कुंकू. तो उपसून पुन्हा भरायला त्यांना मीच लागेन. बोलावलं तर आधी वही मागीन. त्या रकान्यात माझं नाव लागणार नसेल, तर मण्यांना माझा हात लागणार नाही.