निशीसाहेब आणि देवाला बोललेला कोंबडा

रेडीत अशी बोलवा आहे की निशीसाहेबानं काशीबाईचा देवाला बोललेला, नवसाचा कोंबडा कच्चा खाल्ला. पिसांसकट. जेटीवरचे लोक तर सांगतात की अर्धा आत गेल्यावरही कोंबडा आरवला, आणि नुसतं सांगून भागत नाही म्हणून मान उंचावून, गाल फुगवून तो आतून कसा आरवला तेही करून दाखवतात.

सगळं खोटं. निशीसाहेबानं तो कोंबडा कच्चा खाल्ला नाही, शिजवूनही खाल्ला नाही. मात्र कोंबडा नाहीसा झाला तो त्याच्याच हातून. आणि खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

निशिदा हे त्याचं खरं आडनाव. रेडीच्या बंदरातून लोहखनिज भरून बोटी जपानला जाऊ लागल्या तेव्हा तिकडच्या कंपनीनं आपला एक माणूस इथं आणून ठेवला, तो हा. बोटीपर्यंत माल नेणाऱ्या पडावात खनिज चढायच्या आधी ढिगातली मूठ मूठ माती घ्यायची, तव्यावर तापवायची, ओली किती नि सुकी किती ते वजन करून बघायचं, एवढंच त्याचं काम. "जपानातसून हंयसर इलो, आणि माती भाजता!" म्हणून बायका तोंडाला पदर लावत. चीनशी लढाई झाली त्या साली कुणीतरी त्याला हेरही ठरवला होता. पण संध्याकाळी वाळूत बसून स्वतःच्या सदऱ्याची तुटलेली बटणं स्वतः शिवणारा हेर म्हणजे अतीच झालं, म्हणून ती गोष्ट मागे पडली.

तो राहायचा काशीबाईच्या पडवीत. काशीबाई विधवा, एकुलता एक झील शिवा मालबोटीवर खलाशी. साहेबाला मांडी घालून बसता येतं, पेज भुरकता येते आणि सुक्या बांगड्याच्या वासानं तो नाक मुरडत नाही, हे बघितल्यावर तिनं निकाल देऊन टाकला, "आमच्यातलोच तो. जन्माक येताना वाट चुकलो." मालवणी तो तिच्याकडूनच शिकला, त्यामुळे ती सगळी तिचीच होती. तिचे हेल, तिचे सुस्कारे, तिच्या शिव्यासुद्धा. कस्टमचा मोठा अधिकारी तपासणीला आला की निशीसाहेब कमरेत वाकून नमस्कार करी आणि अगदी मायेनं विचारी, "मेल्या, जेवलंस मां?" अधिकारी घाटावरचा. तो चष्मा काढून पुसायला लागे.

आता कोंबडा. तांबडा, मानेवर सोनेरी झाक, चाल खोताची. शिवा बोटीवर निघाला त्या दिवशी काशीबाईनं तो देवाला बोलून ठेवला होता. झील सुखरूप घरी आला की कोंबडा देवाचा. हे तिनं साहेबालाही सांगितलं होतं, आणि साहेब "व्हय, व्हय" म्हणाला होता. पण तेव्हा तो सगळ्यालाच व्हय म्हणायचा. कळलं की नाही हे तिनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

कोंबडा बसायचा पडवीच्या कुडावर, साहेबाच्या उशीपासून हातभर. आणि पहाट होण्याची वाट बघायची सवय त्याला नव्हती. साहेबानं कानात कापूस घातला. पायांकडे डोकं करून बघितलं. एकदा तर उठून कोंबड्यासमोर वाकून विनंती केली, असं शेजारपाजारचे सांगतात. शेवटी डोळ्यांखाली काळं आलं, तव्यावरच्या मातीचा हिशोब चुकायला लागला, तेव्हा त्याला एक साधा तोडगा सुचला. कोंबडा डालग्यात घातला, खाडीतून आरोंद्याला जाणाऱ्या बाबली होडीवाल्याच्या हवाली केला आणि हात लांब करून सांगितलं, "लांब. खूप लांब." काशीबाईला त्याच्या बदली न आरवणारं काहीतरी आणून द्यायचं, म्हणजे फिटलं. त्याच्या मनात ह्यापरतं काही नव्हतं.

तो बाजारातून काखेत एक तुकतुकीत कोंबडी घेऊन परतला, तर अंगणात रणकंदन.

"कोंबो खंय गेलो गो तुळसा?" काशीबाई कमरेवर हात देऊन उभी.

तुळसा म्हणजे कुंपणापलीकडची बाई. तीही एकटीच. काशीबाईच्या विहिरीचं पाणी भरायची आणि त्यापायी तिचं अंगण सारवून द्यायची. "माका काय इचारतंस? मी काय तेची राखण करतंय?"

"तूच म्हणलंस मां, सुक्यां करून खातंय म्हणान? सगळ्या वाडीन आयकल्यान!"

"म्हटलंय! माझी वाळत घातलेली सोलां इस्कटल्यान तेणी, म्हणान म्हटलंय. म्हटलां म्हणजे खाल्लां?"

"देवाक बोललेलो तो! माझ्या शिवाचो! आवशीक खाव तुझ्या! आजपासून माझ्या बावीर पाय ठेवलंस तर बघ!"

शिवाचं नाव आणि देवाचं नाव एका वाक्यात आलं तेव्हा निशीसाहेबाला प्रथम कळलं की आपण काय होडीत घालून दिलं. त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं. शब्द होते त्याच्याजवळ, तिनंच दिलेले. पण दोन्ही बायका एकदम त्याच्याकडे वळल्या, आणि त्याचे हातच पुढे झाले. "काशीबाय," तो म्हणाला, "कोंबी."

काशीबाईचे डोळे भरून आले. "बघ गो बघ! परमुलखातलो माणूस, पण तेका माझां दुख्ख कळता. आणि तू शेजारीण मेली!"

तुळसा रिकामी घागर उचलून गेली.

कोणी कबूल होईना, तेव्हा काशीबाईनं देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे चोराचा तपास असाच लागतो. भिकाजी गावकर देवापुढे उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा जमाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. चोरसुद्धा तिथंच उभा असतो, आणि त्यालाही म्हणावंच लागतं. तोंड मिटून राहिला तर शेजारचे मान वळवतात.

बंदरावरचा कारकून हरिश्चंद्र साहेबाला घेऊन आला होता. त्यानं कानात सांगितलं, "सगळे करतील तसं करायचं. म्हणजे गावाला बरं वाटतं." गावाला बरं वाटायला निशीसाहेबाला हवंच होतं, त्या दिवशी तर फारच. तो छाती भरून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या काशीबायन तुका बोललेलो कोंबो जेणी कोणी नेल्यान आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोटात तो कोंबो आरवान दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका खाल्लेला गोड लागा नये, तेच्या डोळ्याक निज येवा नये, जोपर्यंत तो ह्याच पायरेर येवन कबूल जाणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या आवाजांवर एक आवाज चढला होता, भरघोस, काशीबाईच्या हेलाचा. तो निशीसाहेबाचा. त्याच्या खालोखाल मागून एक आवाज स्वच्छ ऐकू येत होता, तो तुळसाचा. ती न डगमगता म्हणत होती.

गाऱ्हाण्याची भाषा काशीबाईनं त्याला शिकवली नव्हती, म्हणून परतीच्या वाटेवर त्यानं हरिश्चंद्राला अर्थ विचारला. हरिश्चंद्रानं कचेरीतल्या मराठीत, एकेक शाप बोटावर मोजत, हसत हसत समजावून दिला. अर्ध्यावर आल्यावर साहेब वाटेतच थांबला. दगडावर बसला. आणि कारकुनाला, फक्त कारकुनाला, खरं काय ते सांगितलं.

"अरे देवा," हरिश्चंद्र म्हणाला. मग इकडेतिकडे बघून, "हे पाहा साहेब, आपण काहीही ऐकलेलं नाही. दुसरा कोंबडा आणून सोडा. गाव चार दिवसांत विसरेल."

गाव विसरलंही असतं. पण साहेबाची पडवी वाटेला लागून होती. रोज सकाळी तो दात घासायला पायरीवर यायचा आणि तुळसा डोक्यावर एक, कमरेवर एक घागर घेऊन देवळाकडच्या विहिरीवरून चढ चढून येताना दिसायची. काशीबाईची विहीर मधेच, दोघांच्या डोळ्यांसमोर. तुळसा त्याच्याकडे बघून नेहमीसारखी हसायची. "काय साएबानू, च्या घेतलास?" तिला त्याच्यावर राग असायचं कारणच नव्हतं. तोंडातला फेस गिळून तो "व्हय" म्हणायचा, आणि तो शब्द स्वतःच्याच कानाला कोंबड्याच्या आरवण्यासारखा लागायचा.

आता पडवीत शांतता होती, पण त्याला झोप नव्हती. काशीबाई त्याच्या पानात जास्तीचा मासा वाढी. "खा रे बाबा, तू एकलोच माझो." स्वतः मात्र नीट जेवत नव्हती. शिवाच्या बोटीची काही खबर नव्हती, आणि देव कोपला तो कोंबड्यामुळेच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. साहेबाच्या घशाखाली मासा उतरत नसे. शापाचा एकेक शब्द भिकाजी गावकरानं सांगितल्याबरहुकूम अंगावर येत होता.

रविवारी तो आरोंद्याला गेला. कोंबडा परत आणायचा, रात्री कुडावर बसवायचा, आणि देवानंच पाठवला म्हणून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत. बाबली होडीवाला काठावर जाळं सांधत बसला होता.

"कोंबो?" बाबलीनं विचारलं. "तुमी माका दिललो तो? अहो, तो त्याच आयताराक खाल्लो. वड्यांवांगडा." आणि साहेबाचा चेहरा बघून त्याला वाटलं आपण कृतज्ञता दाखवली नाही. म्हणून घाईनं पुढे म्हणाला, "बरो होतो हां! खूप बरो होतो! देव तुमचां बरां करो."

निशीसाहेब वाकून नमस्कार करून परतला.

"माझ्यावांगडा देवळात ये," त्यानं हरिश्चंद्राला सांगितलं. "मी बोलतंय, तू समजाव."

हरिश्चंद्र दचकला. "मी? आणि मला सगळं ठाऊक होतं हे कळल्यावर गाव मला जेटीवर पाय ठेवू देईल?" त्यानं पोटदुखीचं निमित्त काढलं.

साहेब एकटाच गेला. सोमवारची गर्दी होती. भिकाजी गावकर कोणाच्यातरी आजारी म्हशीसाठी मागणं संपवत होता. निशीसाहेब वहाणा काढून त्याच पायरीवर उभा राहिला, हात जोडले आणि काशीबाईच्या आवाजात म्हणाला,

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे म्हणाले.

"काशीबायचो कोंबो मियां नेलो!"

"व्हय म्हाराजा!"

"तुळसान नाय नेलो!"

"व्हय म्हा..." आणि तिथं जमावाचा आवाज तुटला. म्हशीचा मालक एकटाच शेवटपर्यंत म्हणून गेला.

काशीबाई खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली. तिनं साहेबाच्या थोबाडीत मारण्यासाठी हात उचलला, तो तसाच वर राहिला आणि मग तिनं तो स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. "मेल्या," ती म्हणाली, "रोज माझ्या पानावर जेवलंस, आणि माझ्या तोंडातसून त्या बायेक चोर म्हणयलंस!"

भिकाजी गावकरानं काय ते सोपस्कार सांगितले. नवा कोंबडा, नारळ, चुकलं-माकलं पदरात घे म्हणून दुसरं गाऱ्हाणं. तोंडावळ्यानं तसाच दिसणारा तांबडा कोंबडा साहेबानं आणला आणि आपल्याच उशाशी बसवला. काशीबाई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. जेवण मात्र पानात पडत होतं. मासा मोजका.

तुळसाची क्षमा मागायला तो कुंपणापलीकडे गेला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. त्याचं वाकणं तिनं पुरतं होऊ दिलं.

"बस, साएबा. तू कोंबो नेलंस, ता झालां. मी काय तेचो राग धरतंय? पण देवळात सगळ्या गावान माझ्याकडे बघान व्हय म्हाराजा म्हटल्यान. तुझो आवाज सगळ्यात मोठो होतो." तिनं एक खडा काढून टाकला. "माका वाटलां, परको माणूस, तेकासुद्धा मीच वाटलंय."

काशीबाईनं विहिरीवर बोलावणं पाठवलं. एकदा, दोनदा, मग स्वतः गेली. तुळसा गोड बोलली, चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घागरी घेऊन चढ चढून आली.

शिवा सुखरूप आला. नवा कोंबडा देवाचा झाला. काशीबाई पुन्हा जास्तीचा मासा वाढायला लागली, गाव साहेबाचं कौतुक करायला लागलं. "कबूल जालो बघ! कोण जाता कबूल?" पायरीवर उभा राहून दात घासणारा माणूस तेवढा ते कौतुक ऐकून खाली बघायचा.

आणि देवळातल्या त्या प्रसंगाची नक्कल गावात जोरात चालली होती. ती कोण करत होतं हे सांगायला नको. या हकिगतीच्या लेखकाला दुसऱ्यांच्या आवाजात बोलायची खोड आहे, हे रेडीत कुणालाही विचारा. वाकणं, हेल, "कोंबो मियां नेलो", म्हशीचा मालक, सगळं. साहेबासमोरही एकदा करून झाली. साहेब हसला नाही, रागावलाही नाही. कुंपणाकडे बघत राहिला. तेव्हा त्याला खुलवायला म्हणून लेखकानंच पैज मारली की शिमग्याच्या आधी तुळसाबाय काशीबाईच्या विहिरीवर येतील. आल्या तर साहेबानं जेटीवर, भरल्या गर्दीत, कोंबड्यासारखं आरवून दाखवायचं.

"येवची नाय," निशीसाहेब म्हणाला. नाही आली, तर लेखकाची ती देवळातली नक्कल बंद. कायमची.

शिमगा आला नि गेला. घागरी चढावरूनच येत राहिल्या. पैज लेखक हरला. लोक अजून आग्रह करतात, लग्नघरात तर पाटावरून उठवतात. पण वर लिहिलं तेवढंच. तोंडानं काढायला मनाई आहे.