पाहुण्यांसाठी आवरलेली माती

निळीमावशीचं नाव तिच्या नखांवरून पडलं होतं. उमेदीचं सगळं आयुष्य तिने कापड रंगवायच्या कारखान्यात काढलं. कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी नखांच्या कडांचा निळा रंग जायचं नाव घेत नव्हता. नखं तर वाढतात, कापली जातात, मग रंग राहतो कसा, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "तो आतून येतो."

मालक गेले, मुकादम गेला, किल्ली मात्र मावशीकडे राहिली, कारण तिचं घर समोरच, चढावर. रोज दुपार कलली की ती आत जाऊन रिकाम्या हौदाच्या काठावर बसायची. फुटक्या काचांतून ऊन उतरायचं. एका डबक्यात जांभळं आभाळ, शेजारच्या डबक्यात पिवळं. डोळे अर्धे मिटले की ओले तागे पुन्हा दोरीवर चढायचे आणि मैत्रिणी खिदळायला लागायच्या. ती जागा विषारी आहे हे मावशीला कळत का नव्हतं? चांगलं कळत होतं. पण जिथे आपण तरुण होतो त्या जागेला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

लेकीची जीभ मात्र रेटायची. तिची मुलगी ठकी चालायला लागली होती, पण खाटेवर आणि फरशीवर. मातीला तिचा पाय लागला नव्हता.

"कारखाना साफ झाल्याशिवाय मी हिला बाहेर खाली सोडायची नाही," लेक म्हणायची. "आपल्या अंगणात काय मुरलंय कुणास ठाऊक!"

ठकी कडेवरून खाली वाकून मुंग्यांकडे बघायची आणि हात पुढे करायची.

अशा जुन्या जमिनी साफ करायला सरकारने निधी काढला, तेव्हा लेकीने कचेरीत खेटे घालून चपला झिजवल्या. अट एकच होती, तपासणीत माती दूषित निघाली पाहिजे. नमुने न्यायला माणसं येणार असं कळलं आणि मावशीची धांदल उडाली. चार लोक येणार, आणि आत हा उकिरडा? तिने झाडलं, गवत उपटलं, डबकी बुजवली. तरी जमिनीवरचे निळे-तांबडे डाग उठून दिसत होते. मग तिने आपल्या अंगणातली काळीभोर माती खणली आणि घमेली भरभरून कारखान्याच्या पटांगणात पसरली. वर पाण्याचा सडाही मारला.

माणसं आली, वरवरची माती पिशव्यांत भरून घेऊन गेली. निकाल आला: माती निर्दोष, निधीची गरज नाही.

लेक भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली. मावशीच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. तिने आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता!

ती तशीच कचेरीत गेली. तपासणीच्या बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "ती माती कारखान्याची नाही. माझ्या अंगणातली आहे."

"अहो मावशी, पण का टाकलीत?"

"पाहुणे येणार होते ना!"

बाई आधी चिडल्या, मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्या एकदम थांबल्या. "म्हणजे निर्दोष निघाली ती तुमच्या अंगणातली माती?"

मावशीला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ती खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसली.

पुन्हा नमुने घ्यायला बाई स्वतः आल्या. या वेळी मावशीने झाडूला हात लावला नाही. तिला किती जड गेलं ते तिचं तिला माहीत. पटांगण खोल खणलं तसे थर निघत गेले, निळा, तांबडा, हळदी. जणू जुने तागे कुणी उलगडत होतं. मावशी स्वप्नात असल्यासारखी बघत राहिली. मग बाईंनी अंगणातल्या खड्ड्यातलीही माती नेली, आणखी खोलवरची.

कारखान्याला निधी मंजूर झाला. अर्थात सरकारी काम आणि सहा महिने थांब; यंत्रं येतील तेव्हा येतील. पण अंगणाचा निकाल हातात होता, आणि तो स्वच्छ होता.

लेकीने तो दोनदा वाचला. मग ती अंगणात गेली आणि ठकीला त्या खणलेल्या खड्ड्यात उभं केलं. ठकीने पाय आखडले, मग टेकले. मग बसकण मारून तिने मूठभर माती उचलली आणि सरळ तोंडात घातली.

मावशी धावली, तर लेकीने तिचा हात धरला.

"खाऊ दे गं आई," ती म्हणाली. "थुंकेल आपोआप."