कात्रीबाईचं गप्प राहणं

गल्लीतल्या बायका तिला कात्रीबाई म्हणत. ती बायकांचे केस कापायची म्हणून, आणि जीभही तशीच चालायची म्हणून. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतभर आरसा एवढंच तिचं दुकान, पण अख्ख्या वस्तीच्या बातम्या तिथे केसांबरोबर खाली पडत. केस ती झाडून टाकी. बातम्या मात्र पुढच्या गिऱ्हाइकाला गरमागरम वाढी.

एकदा तिच्या धाकट्या बहिणीला दिवस गेले. बहिणीने फक्त हिला सांगितलं, वर "इतक्यात कुणाला बोलू नकोस" असं बजावलंही. हिच्या पोटात ते राहिलं नाही. पुढे मूल पोटातच गेलं, आणि तोंड गोड करा म्हणत आलेल्या बायकाच सांत्वनाला दारात उभ्या राहिल्या.

"मला दोनदा सोसावं लागलं," बहीण म्हणाली. "एकदा घरात, एकदा गल्लीत." त्यानंतर तिने दुकानाची पायरी चढणं सोडलं.

कात्रीबाई चर्चला पूर्वीही जायची, पण चार माणसं भेटतात म्हणून. आता ती मागच्या बाकावर एकटी बसू लागली. एका रविवारी पाळकबाईंनी येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सांगितली. येशूला पकडलं त्या रात्री शेकोटीपाशी तो 'मी त्याला ओळखतच नाही' म्हणाला, मग ढसाढसा रडला, आणि पुढे प्रभूने आपल्याविषयी बोलायचं काम त्याच्याकडूनच करून घेतलं. हे ऐकून तिला रडू आलं. तेव्हापासून रोज दुकान उघडताना ती म्हणायची, "येशूबाबा, आज माझ्या तोंडाकडे तेवढं बघ." गिऱ्हाइकं विचारत, "बरं नाही का गं तुला?" ती हसून मान हलवी. सुरुवातीला फार जड गेलं, मग अंगवळणी पडलं.

अशात एका सकाळी इस्पितळातली नर्स केस धुवून घ्यायला आली. बेसिनवर मान टेकून, डोळे मिटून ती सहज बोलून गेली, "तुझे मेहुणे आमच्या कॅन्सर विभागात येतात. एकटेच येतात. घरी सांगितलेलं दिसत नाही."

कात्रीबाईचा हात थांबला. फेस नर्सच्या कानात गेला.

त्या दिवसापासून तिच्या डोक्याचा पार गुंता झाला. बहिणीला सांगायला नको का? नवरा तिचा. पण न बोलायचं तर आपणच ठरवलेलं. आणि सांगितलं तर बहीण दार उघडेल, गळ्यात पडेल, हेही मनात येऊन गेलंच. मग हे प्रेम, की जुनीच खोड नवं लुगडं नेसून आली? ती चप्पल घालून दारापर्यंत जाई आणि परत फिरे. प्रार्थनेला बसली की वाटे, प्रभू 'जा' म्हणतोय. मग वाटे, हा तर आपलाच आवाज.

शेवटी ती पाळकबाईंकडे गेली. "एका बाईचा नवरा आहे, बरं का..." तिने सुरुवात केली. आवाज आपोआप खाली आला, खुर्ची पुढे सरकली. आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला मजा येतेय. घरचं माणूस आजारी आहे आणि आपल्या जिभेला चव आलीय. ती गप्प झाली.

"पुढे?" पाळकबाईंनी विचारलं.

"पुढचं नाही सांगता येत. तुम्ही नुसती प्रार्थना करा."

"कशासाठी?"

"तेच तर कळत नाहीये."

पाळकबाई म्हणाल्या, "गोष्ट तुझी आहे का?"

"नाही."

"मग ज्याची असेल, त्याच्याशी बोल."

मेहुणे मोटार शिकवायचे. दुपारी शिकाऊ मुलगी उतरून गेल्यावर कात्रीबाई त्यांच्या शेजारी चालकाच्या जागेवर जाऊन बसली.

"भाऊजी, मला कळलंय. कसं ते विचारू नका. मी कुणालाही सांगितलं नाही."

"हिलाही?"

"तिलाही नाही."

"सांगू नका, ताई. आधीच एक दुःख झालंय तिला."

"मी नाही सांगणार. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुम्हीच सांगा."

घरी येताना तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तोंड बंद ठेवण्यातही पाप असतं का, हे कुणाला विचारावं तेही कळेना.

मेहुण्यांनी सांगायला बरेच दिवस घेतले. सांगितल्यावर बहीण तडक दुकानात आली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस? तू?" बहिणीचा आवाज चिरकला. "बोलू नकोस म्हटलं तेव्हा बोललीस. बोलायचं तेव्हा तोंड शिवलंस."

"मी चुकले का, मला खरंच माहीत नाही," कात्रीबाई म्हणाली. "पण ते त्यांनी सांगायचं होतं गं."

बहीण रिकाम्या खुर्चीत मटकन बसली. "शुक्रवारी त्यांना औषध चढवणार आहेत. मला एकटीला तिथे बसवत नाही. येशील?"

"येते."

मेहुणे त्या दुखण्यातून निभावले. कात्रीबाई प्रत्येक खेपेला बहिणीसोबत बाकावर बसून राहिली. प्रभूकडे माफी मागावी की त्याचे आभार मानावेत हे तिला ठरवता येईना, म्हणून ती दोन्ही करी. माफ केलं असं बहीण कधी म्हणाली नाही, आणि हिनेही विचारलं नाही.